पंचविशीची दालचिनी

(डेन्मार्कमधलं ऑरहूस. विद्यार्थ्यांच्या होस्टेलचं सामाईक स्वयंपाकघर, दुपार. जॉर्जियाहून दीड महिन्यापूर्वी शिकायला आलेली नुत्सा, आणि तिच्या शेजारच्या खोलीतला आस्गर.)

नुत्सा : पुन्हा सांग. सावकाश सांग. वाढदिवस होता म्हणून बांधलं?

आस्गर : हो.

नुत्सा : तुझाच वाढदिवस.

आस्गर : माझाच. पंचविसावा. म्हणजे... पंचविशीपर्यंत लग्न झालं नाही की मित्र अंगावर दालचिनी टाकतात. आधी खांबाला बांधतात, मग पाणी ओततात, मग पूड. ओल्यावर चिकटते ना. जुनी रीत आहे आमची. सगळ्यांचं होतं.

नुत्सा : सगळ्यांचं होतं! अरे देवा! लग्न न झालेल्या माणसाचा आमच्याकडे पण जीव घेतात, पण मावश्या घेतात, आणि तोंडानं घेतात. दोरीनं नाही रे!

आस्गर : तिशीला मिरी टाकतात.

नुत्सा : वा! आणि चाळिशीला काय, सरळ भट्टीत लोटता? ते पांढरे झगे कसले होते?

आस्गर : रंगाऱ्यांचे. दालचिनीचे डाग जात नाहीत कपड्यांवरून.

नुत्सा : आणि तोंडावरचे मुखवटे?

आस्गर : नाकात पूड जाऊ नये म्हणून.

नुत्सा : त्यांच्या नाकात.

आस्गर : हं.

नुत्सा : आणि मला ते काय वाटले असतील, तूच सांग! मी वाचनालयातून येतेय, वळणावर सायकल वळवते, आणि समोर सहा पांढरी भुतं एका माणसाला दिव्याच्या खांबाला आवळून बांधतायत. माणूस नखशिखांत तपकिरी. तोंड कुठं, डोळे कुठं, काही कळत नाही. फक्त आवाज तुझा. मी सायकल टाकली ती रस्त्यातच टाकली.

आस्गर : माहीत आहे मला.

नुत्सा : नाही माहीत तुला, तुझे डोळे मिटलेले होते. कुलपाची साखळी हातात होती. पहिली फिरवली ती तुझ्या त्या मित्राच्या, सोफुसच्या तोंडावर. सुकं लाकूड मोडतं ना, तसा आवाज आला. तो खाली बसला. दुसरा माझा हात धरायला आला, त्याच्या गुडघ्यावर मारली. मग परत सोफुसकडे वळले. तो जमिनीवर होता, आस्गर. दात पडला होता त्याचा, तो चाचपत होता. आणि मी मारलं. खाली पडलेल्याला मारलं.

आस्गर : पुरे आता.

नुत्सा : का पुरे? तुला ऐकवत नाही, मी तर करून बसलेय! रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे उठून पीठ मळलं. ही बघ, चीज भरलेली पोळी, आमच्याकडे कुणाची माफी मागायला रिकाम्या हातानं जात नाहीत.

आस्गर : त्याला चावता येणार नाही ग. गालाचं हाड मोडलंय.

नुत्सा : ...मग सूप करते. कांदा दे तो. अरे दे ना! हात लावला तर जळणारेय का? आणि तुम्ही लोक सगळीकडे दालचिनी घालता, खाली बेकरीत तोच वास, जिन्यात तोच वास. सकाळी नाक दाबून जिना उतरले मी.

आस्गर : पोलीस काय म्हणाले काल?

नुत्सा : काय म्हणणार. नाव घेतलं, पत्ता घेतला, गावाबाहेर जाऊ नको म्हणाले. आज जबाब घ्यायला येणार. ती पोलीसबाई बरी होती बोलायला. म्हणाली, त्या मुलानं तक्रार लावून धरली आणि शिक्षा झाली तर तुला परत जावं लागेल. अगदी प्रेमानं म्हणाली. इथं सगळं प्रेमानंच म्हणतात.

आस्गर : कदाचित सोफुस तक्रार मागे...

नुत्सा : कदाचित! आमचं गाव डोंगरात आहे, आस्गर. मी निघाले तेव्हा बापानं अंगणात लांबच लांब टेबलं मांडली होती. एकेक म्हातारा उठायचा, प्याला उचलायचा, माझ्या नावानं बोलायचा. पोरगी पवनचक्क्या शिकायला चालली, आपल्या खिंडीतल्या वाऱ्याची वीज करणार म्हणून. आता काय सांगू जाऊन त्यांना? पवनचक्क्या राहिल्या, एकाचं थोबाड फोडून आले?

आस्गर : तुझी चूक नाही.

नुत्सा : माझीच आहे! विचारायला नको होतं? एकदा तरी 'काय चाललंय' असं विचारलं असतं! तू मला इथं सगळं शिकवलंस. सायकलवर वळताना हात कसा करायचा, कपडे धुवायची पाळी कशी लावायची, शेजारी जिन्यात बोलत नाहीत ते रागानं नाही. पहिल्या आठवड्यात मी भिंतीशी बोलायला लागले होते. तू एकटा मला नावानं हाक मारायचास. आणि मी तुझ्याच वाढदिवसाला तुझ्याच मित्राचा...

आस्गर : नुत्सा, रडू नको. प्लीज.

नुत्सा : कांदा आहे तो! ...थांब. थांब जरा. हाक मारायचास.

आस्गर : काय झालं?

नुत्सा : काल तू इंग्रजीत ओरडलास.

आस्गर : कधी?

नुत्सा : कधी म्हणे! ते सगळे डॅनिश, तू डॅनिश. माणसाचं बोट कापलं तर तो आपल्या भाषेत आई गं म्हणतो. म्हणजे तू मला बघितलंस आणि इंग्रजीत ओरडलास. 'नुत्सा, सोडव, मारतील मला हे.' माझं नाव घेऊन.

आस्गर : ते... गमतीत असेल. त्या वेळी सगळेच काहीबाही ओरडतात.

नुत्सा : इकडे बघून बोल.

आस्गर : डोळे दुखतायत माझे.

नुत्सा : का दुखतायत? सगळ्यांचं होतं म्हणालास. मग सगळ्यांचे डोळे असे टोमॅटोसारखे होतात?

आस्गर : नाही. पोहण्याचा चष्मा लावतात. मलाही लावला होता. सोफुसनं फोटोपुरता काढला, आणि परत लावला नाही. मग मूठ भरून तोंडात... म्हणजे श्वास घेतला की पूड आत. खोकलो की पुन्हा आत. दोरी छातीवरून होती. मी थांबा म्हणालो. डॅनिशमध्येच म्हणालो, खूपदा.

नुत्सा : आणि?

आस्गर : हसत होते. एक म्हातारी कुत्रा घेऊन चालली होती, तिला म्हटलं, आजी, सोडवा मला. ती म्हणाली, हो रे राजा, माझा नातूसुद्धा अगदी असंच ओरडला होता. वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊन गेली.

नुत्सा : मग मी दिसले.

आस्गर : मग तू दिसलीस. एका डोळ्याच्या फटीतून. आणि मला वाटलं, हिला माहीत नाही. हिला ही रीत माहीत नाही. हिला ते खरं वाटेल.

नुत्सा : माझं माहीत नसणं तुझ्या कामाला आलं.

आस्गर : तसं नाही...

नुत्सा : तसंच आहे! कुत्रं सोडावं तसं तू मला त्यांच्या अंगावर सोडलंस! आणि काल पोलीस आले तेव्हा तोंडातून अवाक्षर नाही! अंगावर चादर घेऊन बसला होतास, मी एकटी सांगतेय, मला वाटलं, मला वाटलं, आणि तू काय सांगितलंस त्यांना? 'गैरसमज झाला.' बशी बघ, हीच फोडीन तुझ्या डोक्यात!

आस्गर : फोड.

नुत्सा : 'फोड' म्हणतोय वर! हे बघ, भिंतीवर फोडली. झालं समाधान? मेल्या, माझं सगळं जातंय आणि तू डोळे दुखतायत म्हणतोस!

आस्गर : सोफुस आहे तो, नुत्सा. तुला नाही कळणार.

नुत्सा : सोफुस म्हणजे कोण, राजा लागून गेला?

आस्गर : एका गावचे आम्ही. पश्चिम किनाऱ्यावर. शाळेत मी चार बुकं बगलेत घेऊन फिरायचो, माझ्याशी कुणी बोलायचं नाही. तो बोलायचा. 'ससा' म्हणायचा मला. त्याच्याबरोबर असलं की बाकीचे हात लावायचे नाहीत. हात लावायचा तो फक्त त्यानं. एकदा बंदराच्या धक्क्यावरून पोहायला गेलो थंडीत. त्यानं डोकं धरून खाली दाबलं. सगळे वर मोजत होते, किती वेळ राहतो म्हणून. हा उजवा कान त्या दिवशी गेला. आईला सांगितलं, सर्दीनं गेला.

नुत्सा : मला तू सांगितलंस गोवर झाला होता.

आस्गर : ज्याला जे पटेल ते सांगतो मी.

नुत्सा : म्हणून तू टेबलाला नेहमी माझ्या उजव्या बाजूला बसतोस.

आस्गर : हं.

नुत्सा : खेळ होतो मांजराचा आणि जीव जातो उंदराचा. आणि उंदीर वर म्हणतो, मांजर माझा मित्र आहे! आज पोलिसांना सांगणार आहेस हे?

आस्गर : सोफुस सकाळी दवाखान्यातून घरी आलाय. त्यानं कळवलंय, येतो म्हणून. आधी त्याच्याशी बोलू. तो ऐकेल.

नुत्सा : मी विचारलं काय, तू सांगतोस काय! जबाबात सांगणार का, की मी हिला हाक मारली होती? हो की नाही?

आस्गर : नुत्सा, पावलं वाजतायत. तोच असेल.

सोफुस : काय सशा! दार सताड उघडं? अरे वा, आपली रणरागिणीही इथंच. नको नको, उठू नको. बसतो मी. हळू बोलतो हं, ओठाला, गालाला टाके आहेत. हसवू नका मला.

आस्गर : कसा आहेस?

सोफुस : मस्त! दोन दात कमी, गालात धातूची पट्टी बसवणारेत, एक डोळा उघडत नाही. बाकी पार्टी छान झाली. आणि ही बशी कुणी फोडली? भांडताय होय? माझ्यावरून?

नुत्सा : सोफुस, मला बोलायचंय तुझ्याशी. मी मारलं तुला. तू खाली पडल्यावरही मारलं. पहिला घाव माझ्याकडून चुकून बसला असं म्हणता येईल, नंतरचे म्हणता येत नाहीत. ते माझे आहेत. मी माफी मागते.

सोफुस : ऐकलंस सशा? किती सरळ बोलते. इतकं सरळ आपल्या गावात कुणी बोललं नाही. माफ केलं, जा!

नुत्सा : खरंच?

सोफुस : म्हणजे करीन. पोलिसांना सांगीन, तक्रार नाही, पोरगी नवखी आहे, तिला काय माहीत. आमच्यात कुणी कुणाचं वाकडं करत नाही. पण ग, सगळी पोरं मला हसतायत. एका मुलीनं झोपवला म्हणून. गुडघा फुटलेला तो तर लंगडत लंगडत हसतोय. तेव्हा फिटंफाट व्हायला हवी ना?

नुत्सा : कशी?

सोफुस : आता खाली जायचं. त्याच खांबाला तू. दोरी आणलीय मी, पिशवीत दालचिनी उरलीय कालची. पोरं येतील, दोन फोटो काढतील, हसतील. तूही हस. संध्याकाळी सगळे मिळून बिअर. तू आमच्यातली झालीस की! परदेशातून येणारी पोरं वर्षभर कोपऱ्यात बसतात, कुणी विचारत नाही त्यांना. तुझं एका दिवसात काम होईल.

आस्गर : सोफुस, हे काय?

सोफुस : गंमत, दुसरं काय! आणि रीत अशी की, जवळचा मित्र बांधतो. म्हणजे तू. धर दोरी.

नुत्सा : बांधल्यावर तक्रार नाही?

सोफुस : शब्द दिला.

नुत्सा : तर मग चल. बांध, आस्गर.

आस्गर : नुत्सा!

नुत्सा : ओरडू नको. थोडा वेळ डोळे मिटून उभी राहीन. मला इथं राहायचंय. तुला जबाब द्यायला जमत नाही, दोरी बांधायला तरी जमेल ना? तुझ्या मित्राचंच ऐकायचंय, त्यात काय अवघड?

सोफुस : शाबास! बघ, हिला कळली गंमत. चल सशा.

आस्गर : मी नाही बांधणार.

सोफुस : काय म्हणालास?

आस्गर : नाही बांधणार. तिला नाही आणि... आणि काल मलाही नको होतं.

सोफुस : काल तू हसत होतास!

आस्गर : खोकत होतो. चष्मा काढल्यापासून मी थांब म्हणतोय, सोफुस. तुझ्या तोंडासमोर.

सोफुस : सगळेच म्हणतात रे थांब. माझ्या भावानं तर शिव्या घातल्या होत्या, दुसऱ्या दिवशी गळ्यात गळा. तू काय आज एकदम मोठा झालास? ही समोर आहे म्हणून? हिच्यापुढं पुरुषपणा दाखवतोस?

आस्गर : डॅनिशमध्ये बोलू नको, इंग्रजीत बोल. तिला कळू दे.

सोफुस : अरे, अरे! नियम करायला लागला! मला शिकवणार? मी नसतो तर तुला त्या शाळेत फाडून खाल्लं असतं सगळ्यांनी. कुणी जवळ केलं तुला? बोल! कुणी?

आस्गर : तू.

सोफुस : मग? हे बघ, येत नसेल तर दाखवतो बांधायला. असं मागून आणायचं. एक वेढा गळ्याशी, सैल, नुसता दिसायला. हलू नको रे सशा, तिला दाखवतोय मी.

नुत्सा : काढ ती दोरी.

सोफुस : दाखवतोय ग! मग असं ओढायचं...

नुत्सा : ओढू नको! सोफुस! त्याची बोटं अडकलीत आत, त्याला बोलता येत नाहीये! सोड! खुर्ची पडली बघ, अरे, मान मोडेल त्याची! कुठाय, माझी साखळी कुठाय...

आस्गर : न... नको... तू नको...

नुत्सा : मी नको तर कोण? तोंड काळं पडलंय तुझं!

आस्गर : तू... नको...

सोफुस : बघितलंस, तोच म्हणतोय नको! गंमत आहे आमची. लहानपणापास... आई गं! गाल! ए, गाल सोड! सशा, टाके आहेत तिथं, टाके!

नुत्सा : सुटली! दोरी सुटली तुझी, आस्गर. ये इकडे.

सोफुस : अंगठा काढ! आत जातोय अंगठा, आई... सोड! सोड ना रे!

आस्गर : हस.

सोफुस : सोड...

आस्गर : हस की. हसायचं असतं ना? डोकं खाली घे अजून. फरशीला टेकव. आता हस.

नुत्सा : आस्गर, पुरे. तो खाली पडलाय. आस्गर!

आस्गर : याची गंमत चाललीय, नुत्सा. याचं नेहमीचं आहे.

नुत्सा : गंमत नाही ती! हात बघ तुझा, कोपरापर्यंत रक्त आहे! तो सोड म्हणतोय.

आस्गर : मला नाही ऐकू आलं. मला या कानानं येत नाही.

नुत्सा : मग दुसऱ्या कानानं ऐक! मी काल थांबले नाही, मला विचार काय होतं ते! रात्रभर तो पडलेला माणूस दिसतो डोळ्यांपुढं. उठ. मी ओढतेय तुला, उठ म्हणते ना!

सोफुस : आस्गर... आस्गर, नको.

नुत्सा : हं. असा. बस खुर्चीवर. हात वर कर, मला दिसू दे. आणि तू हलू नको, सोफुस, फडकं दाबून धर. बर्फ कुठल्या कप्प्यात आहे? अरे कुणीतरी बोला!

आस्गर : खालच्या. मटारांची पिशवी आहे, ती घे.

नुत्सा : ही धर गालाला. जोरात नको. श्वास घे. दोघंही श्वास घ्या. देवा रे देवा, काय लोक आहेत! बाहेर सिग्नलला गाडी नसली तरी उभे राहतात, आणि घरात एकमेकांचे गळे आवळतात.

सोफुस : तू मारून टाकलं असतंस मला.

आस्गर : हो.

सोफुस : हो म्हणतोस?

आस्गर : वाटलं तसं. बरं वाटत होतं मला. तू ओरडलास तेव्हा आणखी बरं वाटलं. तुलाही असंच वाटायचं का?

सोफुस : मला माहीत नाही. मी काही... मला वाटायचं, तुला आवडतं. तू प्रत्येक वेळी परत यायचास.

आस्गर : मला दुसरीकडे जायला जागा कुठं होती?

सोफुस : आणि धक्क्यावर? त्या थंडीत? तेव्हाही तू खरंच...

आस्गर : पाण्याखालून माणूस काय सांगणार, सोफुस?

सोफुस : नंतर सांगायचं होतंस.

आस्गर : सांगितलं होतं. तुझ्या घरी, तुझ्या आईसमोर. तू म्हणालास, सशाला सगळ्याची भीती वाटते. आई हसली. मीही हसलो.

नुत्सा : रडू नको, सोफुस, खारं पाणी टाक्यात जाईल. वर बघ. जखम उघडलीय, परत शिवावी लागणार.

सोफुस : कशाला करतेस माझं? तक्रार मागे घ्यावी म्हणून?

नुत्सा : रक्त येतंय म्हणून. तुझी तक्रार तू बघ. मी मारलंय, मी तसंच सांगणार. खाली पडल्यावर मारलं तेही सांगणार. जायचं तर जाईन घरी, बापाच्या समोर उभी राहीन. पण खांबाला नाही उभी राहणार. मघाशी हो म्हणाले, त्याचीच लाज वाटतेय आता.

सोफुस : खालची बेल वाजली.

नुत्सा : ऐकली मी.

सोफुस : पोलीस असतील. आस्गर, काय सांगणार त्यांना? आस्गर! हे रक्त... आपण म्हणू, मी पडलो. जिन्यात पडलो. कुणाचं काही जाणार नाही. मी तक्रार काढून घेतो, हिचंही सुटेल. चालेल ना? कुणालाच काही होणार नाही.

आस्गर : आणि पुढच्या वेळी?

सोफुस : पुढची वेळ नाही. शपथ.

नुत्सा : तू ठरव, आस्गर. मी तुझ्या वतीनं एक शब्द बोलणार नाही. एकदा बोलले साखळीनं, तेवढं बस झालं.

आस्गर : हात धुऊ का आधी?

नुत्सा : मला नको विचारू.

आस्गर : नाही धूत. बस तू, दार मी उघडतो. ...या. हो, आस्गर मीच. हो, रक्त ताजं आहे, त्याचं आहे, त्याला आधी दवाखान्यात न्यायला हवं. नाही, हिनं नाही, आज मी मारलं. आणि कालचा माझा जबाब खोडा. गैरसमज नव्हता झाला. हिला हाक मी मारली होती.